लाल रेघांचे पुडे

"दम खा, मसाजी. पेन हाय ते, वखर न्हाई," धर्मसिंग म्हणाला आणि ऑफिसातले सगळे हसले.

मी ते जाड पेन साबणाच्या कागदावरच्या काळ्या रेघांवरून पुन्हा ओढलं. वायरीला जोडलेली डबी गप्पच राहिली. माझ्याआधी शिवहारशेठनं ओढून पाहिलं होतं, गोदामातल्या हनुमाननंही पाहिलं होतं. कुणालाच जमलं नव्हतं.

"एकसारखं ओढा," धर्मसिंग म्हणाला. "पेनाच्या टोकातून लाल उजेड निघतो. पांढऱ्यावर पडला की परत येतो, काळ्यावर पडला की तिथंच बुडतो. किती वेळ आला आणि किती वेळ बुडाला, त्यावरून मशीन रेघेची जाडी मोजतं. तुमी मधीच झटका दिला की जाड रेघ त्याला बारीक वाटती. मग ते गप बसतं."

ही दोन हजार तीन सालातली गोष्ट. वसमतला शिवहारशेठची हळद दळायची गिरणी होती. मी तिथं कारकून होतो आणि माझी बायको बनाबाई पॅकिंगच्या बायकांवर मुकादम होती. औरंगाबादच्या एका मोठ्या दुकानानं आमची हळद ठेवायचं कबूल केलं होतं, पण पुड्यावर बारकोड पाहिजे अशी त्यांची अट होती. ते काय असतं हे समजून घ्यायला शेठनं नांदेडहून धर्मसिंगला बोलावलं होतं. तो कॉम्प्युटरचं सामान विकायचा.

तेवढ्यात बनाबाई पुड्यांचे नमुने दाखवायला आत आली. धर्मसिंगनं पेन तिच्यापुढं धरलं.

"ताई, तुमी बघा."

तिनं हात पदराला पुसला, पेन घेतलं आणि कागदावरून ओढलं. डबी वाजली. तिनं उलट्या बाजूनं ओढलं. तरी वाजली.

"शाबास! कुठं शिकली, बाई?" शेठ म्हणाले.

"शेवया वळतो न्हवं आमी," ती म्हणाली. "तिथंबी हात थबकला की तार तुटती."

"बघा रे गड्यांनो. तुमाला शेवया वळायला बसवायला पाहिजे," शेठ म्हणाले. बना हसली आणि नमुने ठेवून निघून गेली.

धर्मसिंगनं बॅगेतून आणखी दोन यंत्रं काढली. एक चपट्या तोंडाचं होतं. ते पुड्याला टेकवायचं, मग आतले बारीक दिवे सगळ्या रेघांवर एकदमच उजेड टाकायचे. ओढायची गरज नव्हती. दुसरं पिस्तुलासारखं होतं. त्यात एक छोटा आरसा हलत असतो, त्यामुळे उजेडाचा एकच ठिपका इतका भराभर पळतो की आपल्याला लाल रेघ दिसते. ते हातभर लांबूनही वाचायचं. रेघांखालच्या तेरा आकड्यांत भाव लिहिलेला नसतो, हेही त्यानं सांगितलं. ते आकडे म्हणजे पुड्याचं नाव. भाव दुकानाच्या कॉम्प्युटरात असतो. शेवटचा आकडा आधीच्या बारा आकड्यांवरून गणित करून काढलेला असतो. एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर गणित जुळत नाही आणि मशीन तो पुडा घेत नाही.

"लई हुशार हाय," शेठ म्हणाले. "पण वाचायचं त्या दुकानवाल्यानं. आपल्याला काहून पायजे मशीन?"

त्यांनी तिन्हीपैकी एकही यंत्र घेतलं नाही. फक्त पुड्याचा नंबर काढून घ्यायचं ठरलं.

मी धर्मसिंगला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. नांदेडची गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवून तो म्हणाला, "मसाजी, एक बात ध्यान में रखना. रेघा काळ्याच छापा. गडद निळ्या असल्या तरी चालतील. लाल बिलकुल नको. मशीनचा उजेड लाल असतो, त्याला लाल रंग पांढराच दिसतो."

मी मान हलवली. गाडी गेली.

आठ दिवसांनी पुड्याचं डिझाइन आलं. पिवळा पुडा, वर हळदीचं झाड आणि खाली कोपऱ्यात काळ्या रेघा. शेठनं बनाबाईला ऑफिसात बोलावलं.

"पुडे बायकाच घेतात. तूच सांग कसा दिसतो."

तिनं कागद हातात घेऊन पाहिला. "बाकी चांगलं हाय, मालक. पण हे काळं नको. हळद लग्नाच्या घरात जाती, देवापुढं जाती. तिच्या अंगावर काळ्या रेघा कशाला? कुंकवासारख्या लाल करा."

शेठनं टेबलावर हात मारला. "बराबर! माझ्या ध्यानातच आलं न्हाई. बस, बाई, बस. चहा घे."

ती खुर्चीवर बसली. तिथं चौदा वर्षं काम केल्यावर ती पहिल्यांदा ऑफिसातल्या खुर्चीवर बसली होती. बशीत चहा ओतताना तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी तिथंच उभा होतो. धर्मसिंगचं बोलणं मला आठवत होतं. विसरलो होतो असं मी म्हणणार नाही. पण मालक खुशीत होते. त्यांनी एकदा बराबर म्हटल्यावर नाही म्हणायची मला सवय नव्हती. रेघ ती रेघ, काळी काय आणि लाल काय, असं मी मनाला सांगितलं. डिझाइनवर 'रेघा लाल' असं माझ्याच हातानं लिहिलं आणि हैदराबादला छापायला पाठवलं.

चाळीस हजार पुडे भरून औरंगाबादला गेले. पंधरा दिवसांत सगळे परत आले. एकाही पुड्यावर मशीन वाजलं नव्हतं.

त्या दिवशी शेठ सकाळीच नांदेडला जाऊन आले. येताना धर्मसिंगचं पेन आणि डबी घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी पॅकिंगच्या शेडमध्ये सगळ्या बायकांना गोळा केलं, मध्ये टेबल ठेवलं आणि बनाबाईला पुढं बोलावलं.

"घे. त्या दिवशी लई वाजवलं होतं. आता वाजव."

तिनं पुडा सपाट केला आणि पेन ओढलं. डबी वाजली नाही.

"अजून एकदा."

तिनं ओढलं.

"अजून."

ती ओढत राहिली. पुडा बदलला, उलट्या बाजूनं ओढलं, पदरानं पुसून ओढलं. तिचा हात तसाच एकसारखा चालत होता. शेठ खुर्चीत बसून म्हणत होते, "अजून." पंचवीस-तीस वेळा झालं असेल. मागून रूपाबाई कुजबुजली, "शेवया तुटल्या गं." दोघीचौघी तोंडाला पदर लावून हसल्या.

मग शेठनं तिला थांबवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मसाजी, लाल चालत न्हाई असं धर्मसिंग कुणाला बोलला होता का?"

शेडमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. बनाच्या हातात पेन होतं.

"मला न्हाई बोलला, मालक," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी थांबलो नाही. "हिला बोलला असंल. पेन हिच्याच हातात होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग पेन टेबलावर ठेवलं.

"व्हय," ती म्हणाली. "मला बोलला होता. मी इसरले."

शेठनं तिथंच निकाल दिला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या चिठ्ठ्या छापून येतील. त्या चाळीस हजार पुड्यांवर बनाबाईनं एकटीनं लावायच्या. लावून होईपर्यंत तिची हजेरी धरायची नाही.

हजेरीवही माझ्याकडे असायची. मी तिच्या नावापुढं रोज फुली मारत होतो.

ते काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. पुड्याला हळदीची भुकटी लागलेली असली की चिठ्ठी धरत नाही. म्हणून प्रत्येक पुडा ओल्या फडक्यानं पुसायचा, कोरडा करायचा आणि मग लाल रेघांवर चिठ्ठी लावायची. चुणी पडली की रेघ वाकडी होते आणि मशीन वाचत नाही. ती पोत्यावर बसून सकाळपासून हेच करायची. बाकीच्या बायका येता-जाता विचारायच्या, "काय मुकादमीणबाई, आज किती पुड्यांचं कुंकू पुसलं?" कालपर्यंत त्या तिला बनाक्का म्हणायच्या. ती पुढचा पुडा पुसायला घ्यायची.

आता शेठनं पिस्तुलाचं यंत्रही विकत आणलं होतं. तपासायचं काम मला दिलं. ती तिकडे चिठ्ठी लावायची आणि मी इकडे टेबलाशी बसून पुड्यावर पिस्तुलाची लाल रेघ मारायचो. वाजला की खोक्यात टाकायचा, नाही वाजला की परत तिच्याकडे. सुरुवातीला दिवसाला तीस-चाळीस पुडे परत जायचे. शेठ बघत असले की मी ते जरा जोरातच फेकायचो. एकदा एक पुडा तिच्या कपाळाला लागला. तिनं तो उचलला, चिठ्ठी नखानं सोलली आणि दुसरी लावली. महिन्याभरानंतर एकही पुडा परत द्यावा लागला नाही.

घरी मात्र काही बदललं नव्हतं. ती भाकरी थापायची, मी जेवायचो. मी काही बोलायला तोंड उघडलं की ती म्हणायची, "कोरड्यास घ्या अजून." एवढंच.

दोन महिन्यांवर दहा-बारा दिवस गेले. शेवटचा पुडा खोक्यात गेला त्या दिवशी शेठनं मला बोलावलं.

"तिला सांग, उद्यापासून येऊ नको म्हणावं. बाकीच्या बायकांना वचक पायजे."

मी घरी जाऊन सांगितलं. तिनं विचारलं, "तुमचं काम हाय न्हवं?"

"हाय."

"मग झालं."

त्यानंतर ती दुसऱ्यांच्या हळदीत खुरपायला जायला लागली. मुकादमीण म्हणून तिला पुन्हा कुणी हाक मारली नाही. रूपाबाई मुकादम झाली. माझी नोकरी चालू राहिली. पिस्तूल माझ्याच टेबलावर असायचं.

सहा वर्षांनी तिला पोटाचा आजार निघाला. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्या दुपारी मी तिच्या खाटेजवळ बसलो होतो.

"बना," मी म्हणालो, "त्या दिवशी धर्मसिंग मला बोलला होता. स्टँडवर."

"ठाव हाय," ती म्हणाली. "तुमी 'लाल' लिवलं तवाच तुमचा हात थबकला होता. मी बघितलं."

"मी मालकाला सांगतो आता."

"काहून? तुमाला अजून तिथंच जायचं हाय कामाला. पाणी द्या."

मी पाणी दिलं. पुढच्या आठवड्यात ती गेली.

तेरवीला शेठ आले. माझ्यासारख्याच्या घरी ते आले याचं लोकांना कौतुक वाटलं. मी त्यांना खुर्ची दिली. चार लोकांसमोर ते म्हणाले, "बाई कामाची होती. एक चूक केली तेवढीच, पण लई मोठी केली."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. मी तो खाली ठेवला.

"मालक, चूक तिची नव्हती. लाल चालत न्हाई हे धर्मसिंग मला बोलला होता. मी सांगितलं न्हाई."

शेठनं पान तोंडात घातलं आणि चावून एका गालात सारलं.

"मला ठाव हाय की," ते म्हणाले. "पेन आणायला गेलो तवाच त्यानं मला सांगितलं. मसाजीला बोललो होतो म्हणला."

"मग शेडमधी मला काहून विचारलं?"

"तू काय म्हणतो ते बघत होतो." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुला काढलं असतं तर कारकून कुठून आणायचा? पॅकिंगला काय, बाया मिळतात. उद्या येऊन राहिला न्हवं? सांगलीचा माल पाठवायचा हाय."

"व्हय, मालक," मी म्हणालो.

ते उठले. दारात तेरवीला आलेल्यांच्या चपलांचा ढीग पडला होता. त्यात त्यांच्या चपला सापडेनात. मी वाकून त्या शोधल्या आणि सरळ करून त्यांच्या पायांपुढं ठेवल्या.