आडवं व्होल्टेज

चार वाजता समिती बसणार होती आणि मुंगीकडे दाखवायला काय होतं, तर शून्य. तेही तीन वर्षं घासूनपुसून लख्ख केलेलं. प्रयोगशाळेत सगळे तिला मुंगीच म्हणत, कारण ती सतत काहीतरी ओढून नेत असायची. आज काही निघालं नाही तर तिचा विषय बंद आणि स्फटिक थंड करायचं यंत्र शेजारच्या गटाला, हे सरांनी सोमवारीच सांगून टाकलं होतं. घरी आई तर तिच्या पीएचडीला मारुतीचं शेपूट म्हणायची.

विषय तसा सांगायला सोपा. धातूच्या पट्टीतून करंट सरळ सोडला आणि जवळ चुंबक धरला, की पट्टीच्या दोन कडांमध्ये थोडं आडवं व्होल्टेज येतं. मुंगीच्या स्फटिकात चुंबकाचा अंशही नव्हता आणि बाहेरही चुंबक नव्हता. तरी नुसत्या आतल्या रचनेमुळे इलेक्ट्रॉन बाजूला सरकतील, असं गणित म्हणत होतं. गणिताला म्हणायला काय जातंय!

सरांच्या प्रयोगशाळेचा एक दंडक होता. रीडिंग घ्यायचं, मग करंट उलटा करून पुन्हा घ्यायचं, आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. दोन्ही वेळा सारखं येतं तो कचरा, तारांच्या गरमीचा वगैरे. दंडक मोडणाऱ्याची सर सगळ्यांसमोर बिनपाण्याने करत. म्हणून मुंगीने कॉम्प्युटरलाच वजाबाकी शिकवून ठेवली होती. मूळ आकड्यांचं ती तोंडही बघत नसे.

"निदान कष्ट केलेले तरी दिसू देत," असं पुटपुटत सकाळी तिने ते मूळ आकडे छापायला घेतले. तिसऱ्या पानावर ती थबकली. करंट सरळ, व्होल्टेज चार. करंट उलटा, तरी चारच. करंट दुप्पट केला तर सोळा, आणि उलटा केला तरी सोळाच.

तिच्या गणितात करंटचा वर्ग होता. वर्गाला उलटं-सुलटं सारखंच. हे तिला तोंडपाठ होतं, पण हात वजाबाकीला इतके सरावलेले की जे शोधायचं तेच ती इमानेइतबारे फेकत आली होती. तिला हसू फुटलं आणि स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं.

पण गरमीसुद्धा वर्गानेच वाढते. सर पहिलं हेच म्हणणार. ती तारा जोडणाऱ्या काकांकडे धावली.

"काका, करंट काटकोनात, दुसऱ्या दिशेने सोडायचाय. स्फटिकाची रचना एकाच दिशेला कललेली आहे, म्हणून तिकडून माझं व्होल्टेज यायलाच नको. गरमीचं असेल तर तिकडूनही येईल."

"कधी हवंय?"

"आत्ता."

"तू कायम घोड्यावर बसूनच येतेस," काका म्हणाले, पण हातातला चहा तसाच ठेवून त्यांनी केसाहून बारीक सोन्याच्या तारा काढल्या.

स्फटिक पुन्हा थंड होईपर्यंत अडीच वाजले. पडद्यावर आकडा उमटला, शून्य. करंट उलटा केला, शून्य. दुप्पट केला, तरी शून्य. आयुष्यात पहिल्यांदाच तिला शून्याचा मुका घ्यावासा वाटला.

सर आले. दोन्ही दिशांचे कागद शेजारी शेजारी ठेवून त्यांनी एकेक आकडा बोटाने ताडून पाहिला.

"एखादी तार सैल असेल," ते शेवटी म्हणाले.

"माझी तार?" यंत्रापाशी उभ्या काकांनी एवढंच विचारलं. सरांनी तो मुद्दा सोडला.

"वजा नाही केलंस?"

"नाही सर. या वेळी बेरीज केली."

सर खुर्चीत बसले आणि त्यांनी पहिल्या महिन्याचे कागद मागून घेतले. तिथेही चार आणि चारच होते.

चार वाजता समितीच्या बाईंनी फाईल उघडली. "तीन वर्षांत काहीच कसं नाही?"

मुंगी उठायला लागली. सरांनी तिला हाताने खाली बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"हिचं व्होल्टेज पहिल्या महिन्यापासून येत होतं," ते म्हणाले. "ते फेकून द्यायला मी शिकवलं."