सहाव्या ट्रॅकवरचं कडवं

"नेंग, नीट होईल ना?"

हे अबा एंगकोसांनी त्या दिवशी मला किती वेळा विचारलं असेल, देव जाणे. पन्नाशी आली तरी बांडुंगची म्हातारी माणसं मला नेंगच म्हणतात, पोरी म्हणतात; आणि मी त्यांना अबा-अंबू, म्हणजे बाबा-आई. म्हणोत बापडी. पण मी यंत्राच्या पोटात हात घातलेला असताना कोणी मानेजवळ येऊन 'नीट होईल ना' करत राहिलं की माझं डोकं सटकतं.

"तुम्ही विचारायचं थांबलात तर होईल, अबा!"

अंबू रुमसिहनी टेबलावर थाड्कन थाप मारली आणि नवऱ्याला खुर्ची दाखवली. अबा निमूट बसले. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशनमध्ये अंबूंचा गळा गेला. आता रुमालाखाली एक भोक आहे, त्यातून नुसती हवा येते. ओठ हलतात, शब्द दिसतात, आवाज नाही. पण हाताची जरब तशीच आहे.

या बाईचा आवाज! आमच्याकडे लग्नात नवरा-नवरीला छत्रीखाली उभं करून, वर हळदीचे तांदूळ उधळत, उपदेशाचं गाणं म्हणतात. सावेर म्हणतात त्याला. अंबूंच्या सावेरची कॅसेट वाजल्याशिवाय आमच्या भागात एका पिढीची लग्नं लागली नाहीत. माझंही नाही. नवरा टिकला नाही तो भाग वेगळा, त्यात अंबूंचा दोष नाही.

आणि आता रविवारी त्यांच्या स्वतःच्या लेकीचं, लिलिसचं लग्न होतं.

कॅसेट लावून भागलं असतं. पण मूळ रेकॉर्डिंगच्या वेळी लिलिस तीन-चार वर्षांची, आईच्या मांडीला चिकटून बसलेली. अंबूंनी शेवटचं कडवं तिचं नाव घेऊन गायलं होतं. कंपनीच्या मालकानं तोंड वाकडं केलं. "सगळ्यांच्या लग्नात वाजायचं गाणं, त्यात तुमच्या पोरीचं नाव कशाला?" मग ते बाद झालं, दुसरं गायलं, तेच बाजारात आलं. बाद झालेली टेप अबांनी मागून घेतली आणि कपाटात जपून ठेवली. आठ ट्रॅकची रुंद टेप. बाकी सात ट्रॅकवर वाद्यं, त्यात अबांनी स्वतः छेडलेली काचापी, आमचं तारांचं वाद्य, आणि सहाव्यावर अंबूंचा आवाज. आईचा आवाज, लेकीचं नाव घेऊन. तेवढं कडवं रविवारी लिलिसच्या कानावर पडावं, एवढंच त्या दोघांना हवं होतं.

अशी टेप वाजवणारं चालू यंत्र आता आमच्या शहरात माझ्या या पत्र्याच्या स्टुडिओतच. जकार्तात एक होतं, ते गेल्या वर्षी भंगारात गेलं.

टेप उघडली आणि मी कपाळाला हात लावला. इतक्या वर्षांत दमट हवेनं तिचा लेप चिकट झालेला. अशी टेप फळं सुकवायच्या यंत्रात मंद आचेवर ठेवली की काही वेळा वाजते. पण टेप यंत्राच्या हेडला घासत जाते तेव्हाच आवाज निघतो, आणि प्रत्येक वेळी थोडा लेप हेडवर खरवडून निघतो; लेप म्हणजेच आवाज. दोन वेळा वाजेल, फार तर तीन वेळा. हे मी दोघांना आधीच बजावलं होतं.

पहिल्यांदा लावली तेव्हा अबांनी उठून खिडकी घट्ट लावली, पंखा बंद केला, बिस्मिल्ला म्हटलं आणि श्वास रोखून बसले. मीही श्वास रोखला. संगणकात आवाज उतरायला लागला. काचापीचे स्वर आले, बासरी आली आणि अंबू गायला लागल्या. काय सांगू, अंगावर काटा आला! समोर त्या बसलेल्या, मुक्या, आणि त्यांचाच आवाज खोलीभर. अबा रडत होते.

शेवटचं कडवं आलं आणि सहावा ट्रॅक खडखडला. खर्र, खर्र, मग काहीच नाही. मध्येच अर्धा शब्द, पुन्हा गप्प. वाद्यं मात्र खणखणीत.

तिथून माझे हाल सुरू झाले. यंत्रात प्रत्येक ट्रॅकचं एक वेगळं सर्किटचं कार्ड असतं. मी सहाव्याचं काढून दुसऱ्या जागी घातलं, दुसऱ्याचं सहाव्यात. माझी चाचणीची टेप लावली. सगळं स्वच्छ! खिडकी उघडून, पंखा लावून, घाम पुशीत पुन्हा लावली. स्वच्छ. पिना स्पिरिटनं पुसल्या, वायरी हलवल्या, संशय आला तिथे नवा डाग दिला, यंत्राला दोन चापट्यासुद्धा मारल्या. स्वच्छ!

"झालं बघा," मी म्हणाले. "कुठेतरी सैल होतं, बसलं."

या वेळी थेट शेवटचं कडवं काढलं. अबांनी खिडकी लावली, पंखा बंद केला. मी टेप हळूहळू, जपून जागेवर आणेपर्यंत दोघं मूर्तीसारखी बसून होती. बटण दाबलं. "लिलि..." आणि खर्र.

मी किंचाळलेच. शिव्या दिल्या, म्हाताऱ्यांसमोर द्यायच्या नाहीत तसल्या. हेडवर तपकिरी भुकटीचा थर बसला होता. ती पुसताना बोट चटकलं, त्याचाही राग त्या कापसावर काढला. ती भुकटी म्हणजे अंबूंचा आवाज होता, आणि मी तो कापसानं पुसून कचऱ्यात टाकत होते.

"आमचंच नशीब फुटकं," अबा म्हणाले. "गळा गेला, आता हेही जाणार." आणि चपला घालून ते दुपारच्या नमाजाला मशिदीत गेले.

अंबू उठल्या नाहीत. मी धाडकन खिडकी उघडली, पंखा लावला आणि गार झालेली भजी चावत बसले. बांडुंगची हवा थंड म्हणे! माझ्या पत्र्याखाली येऊन बसा एकदा. चीड येऊन पुन्हा चाचणीची टेप लावली. स्वच्छ. माझी टेप लावली की यंत्र शहाणं, त्यांची लावली की खुळं. का?

हेडवर हात ठेवला. गार. आणि मघाशी तर बोट चटकलं होतं.

मी उडालेच खुर्चीतून. पंखा बंद केला, खिडकी लावली आणि चाचणीची टेप चालू ठेवून बसून राहिले. अंबू माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तशा बघत होत्या. थोड्या वेळानं सहावा ट्रॅक बोलला, खर्र, खर्र. पंखा लावला, हेड निवलं, आवाज परत. सहाव्या ट्रॅकचा हेडच्या आतला जोड तडकलेला होता. गरम झाला की फाकायचा, गार झाला की जुळायचा. हेड बंद डबीसारखं असतं, फोडून सांधता येत नाही. पण गार ठेवता येतं! मी अंबूंना मिठी मारली. त्यांनी ढकलून दिलं, पण हसल्या.

तेवढ्यात अबा आले. आत पाऊल टाकलं, टेप फिरताना दिसली, आणि त्यांचा हात सरळ पंख्याच्या बटणाकडे गेला.

"अबा! हात लावू नका त्याला!"

"अगं पण आवाज चाललाय, पंखा घरघरतोय..."

"इथे माईक कुठे आहे? आं? तारेतून उतरतोय आवाज! खोलीत ढोल बडवलात तरी टेपला काय त्याचं? जन्मभर स्टुडिओत काढलात म्हणून खिडकी लावायची, पंखा बंद करायचा, श्वास रोखायचा! यंत्र तापतं, जोड सुटतो. तुम्ही पंखा बंद केलात म्हणून गेला आवाज!"

बोलून गेले मी. दोन्ही वेळा मीही श्वास रोखून तिथेच बसले होते, हे तोंडातून निघालं नाही.

अबा खाली बसले, खुर्चीवर नाही, फरशीवर. "म्हणजे तिचं तोंड मीच दाबलं," ते म्हणाले. "दोनदा."

"एकदा अजून आहे," मी म्हणाले. माझा मलाच विश्वास नव्हता.

टेप पुन्हा सुकवली, यंत्र पूर्ण गार होऊ दिलं, पंखा आणून हेडसमोर ठेवला. खिडकी सताड उघडी. बाहेर भाजीवाला ओरडत होता, मोटरसायकली फटफटत होत्या. बटण दाबलं.

खरखर नाही, एकदाही नाही. पण आवाज उशीखालून आल्यासारखा. "लिलिस" एवढं कळलं. मग नुसता हुंकार, मग तोही विरला आणि खाली भुकटी झडत राहिली. कडवं संपलं तेव्हा सहाव्या ट्रॅकवर काहीच उरलं नव्हतं.

अबांनी मला विचारलं नाही. मी यंत्र बंद केलं. इतकं हरल्यासारखं मला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

अंबू उठल्या. पहिल्या वेळची वाद्यं संगणकात नीट उतरली होती, ती त्यांनी पडद्यावर बोटानं दाखवली. मग कोपऱ्यातला माईक दाखवला. मग नवरा.

"मी?" अबा दचकले. "चाळीस वर्षं तूच सांगितलंस, बोटांनी काय ते बोल, तोंड उघडू नकोस म्हणून!"

अंबूंनी त्यांच्या खांद्यावर थाप दिली. चल.

आता माईक होता, तर पंखा बंद करायला हवा होता. अबा बटणाकडे बघत राहिले, हात पुढे करेनात. मी बंद केला.

हेडफोनमधून त्यांच्या कानात त्यांचीच तरणी काचापी वाजायला लागली. अंबू समोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून, आणि ओठ हलवू लागल्या. अबा ओठ वाचत गायले. सूर बाईचा, उंच. तो त्यांना कुठला झेपायला? ते खाली घसरले, फाटले, एकदा खोकले. अंबू मांडीवर ताल देत होत्या, चुकलं की चिमटा काढत होत्या.

"लिलिस, बाळे, रागावलीस तर रागाव, पण उपाशी झोपू नकोस. दार आपटून गेलीस तरी दार उघडंच असेल..."

नावाशी त्यांचा आवाज चिरला. मी अर्धा स्वर हलला तरी कोणालाही थांबवते, हे सगळ्या बांडुंगला ठाऊक आहे. या वेळी मी बटणाला हात लावला नाही.

गाणं संपलं. अबांनी हेडफोन काढला आणि बायकोकडे बघितलं. "किती ठिकाणी चुकलो?"

अंबूंनी आधी तीन बोटं दाखवली, मग विचार करून चौथं.

"मग परत घेऊ," मी म्हणाले आणि घेतलेलं रेकॉर्डिंग पुसायला हात पुढे केला. अंबूंनी माझं मनगट धरलं. मी सोडवायला बघितलं, त्यांनी सोडलं नाही.