चावरी पोरं

सारिन्तेन आजीने आल्यासारखे दिसणारे केंचूरचे दोन कंद खलात टाकले, वर काळ्या हळदीचे काप आणि पपईचं पान. सगळं ठेचून तिने कापडाच्या पुरचुंडीत बांधलं. कापरासारखा उग्र वास गल्लीभर पसरला. समोर वुर्यानी दोन वर्षांच्या बागासला मांडीवर घेऊन बसली होती.

"सहा दिवस झाले, आजी, अन्नाला शिवत नाही. केंचूर घातलेली शेंगदाण्याची चटणी तर वाटी चाटूनपुसून खायचा. आता तिच्याकडेही बघत नाही."

"मग आधी नाही का आणायचं?"

"सासूबाई म्हणाल्या, दाढा येताहेत."

"सासवांना सगळीकडे दाढाच दिसतात. धर त्याला. हात घट्ट धर."

चाळीस वर्षं आजी न जेवणाऱ्या पोरांच्या तोंडात हा कडू रस पिळत आली होती. पोरं किंचाळायची, थुंकायची, करकचून चावायची. तिच्या तर्जनीवर त्याचा घट्टा पडला होता. असं चावणारं पोर संध्याकाळी जेवायला मागतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने बोट घालून तोंड उघडलं आणि पुरचुंडी पिळली. बागास रडला नाही. रस हळूच गिळून तो नुसता बघत राहिला.

"किती शहाण्यासारखं प्यायला बघा," वुर्यानी म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं होतं.

आजीने पुरचुंडी बाजूला टाकली.

"ऊठ. दवाखान्यात चल."

"पण गेलं ना पोटात?"

"चावायला हवा होता गं. त्याच्यात तेवढंही बळ उरलं नाही. ऊठ, पोरी."

सायकलरिक्षात आजीने आपलं बोट त्याच्या दातांमध्ये धरून ठेवलं. वुर्यानी दर चौकात विचारत होती,

"चावला का?"

"थांब जरा."

दवाखान्याच्या फाटकाशी वुर्यानी थांबली. ती खाली बसली.

"जावेचं पोर इथूनच झाकून आणलं होतं, आजी. मी नाही नेत आत. माझ्या मांडीवरच राहू दे त्याला."

"चावला," आजी म्हणाली. "आत्ता चावला. धाव."

वुर्यानी उठली आणि पोराला छातीशी धरून आत पळाली.

आजीने बोट उजेडात धरून पाहिलं. ते नुसतं ओलं होतं. घट्ट्यावर दाताची एकही खूण नव्हती. तिने ते दुसऱ्या हाताच्या मुठीत दाबून धरलं.

"फार जोरात चावला का हो?" रिक्षावाल्याने विचारलं.

"हो," आजी म्हणाली. "फार दुखतंय."