तळाची माणसं

खोटं कशाला बोलू, लाज वाटायची मला. नवरा विमानदलाच्या तळावर नोकरीला म्हटलं की समोरच्याचे डोळे चमकायचे, आणि "पायलट का?" असं विचारलं की मी विषय बदलायचे. आमचे हे धावपट्टीवरचे पक्षी हाकायचे. समुद्राकाठचा तळ, पक्ष्यांना काय तोटा! हे जीपमधून फिरायचे, आवाजाची बंदूक उडवायचे, हातवारे करून ओरडायचे. तळावरची पोरं ह्यांना कावळेकाका म्हणायची. मी तिथल्याच शाळेत इतिहास शिकवायचे, म्हणून मी कावळेबाई. फळ्याकडे वळले की मागून काव काव सुरू.

पुढे विमानं मोठी झाली, धावपट्टी पुरेना. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गाव, लांबवणार कुठे? तळाला टाळं लागलं. खाऱ्या वाऱ्याने हँगरचे पत्रे खाऊन टाकले. यंदा कुठे नगरपालिकेला जाग आली आणि कंट्रोल टॉवरच्या तळमजल्यावर तळाचा इतिहास मांडायचं ठरलं. काम आलं माझ्याकडे. मी अशी हुरळून गेले म्हणता! नकाशे मिळवले, विमानांचे सुटे भाग गोळा केले, आणि शेवटच्या खोलीतली अख्खी भिंत तळावर राबलेल्या माणसांच्या फोटोंसाठी ठेवली.

ह्यांनी आपला फोटो आणून दिला. जीपच्या बॉनेटवर उभे, हात वर, तोंड हे एवढं उघडं. "बघ, चालतो का," म्हणाले. मी "बघते" म्हटलं आणि टेबलाच्या खणात टाकला. उद्घाटनाला मोठमोठी माणसं येणार, त्यांच्यापुढे पुन्हा कावळेबाई व्हायचं नव्हतं मला. ह्यांना सांगायचं मात्र राहून गेलं. राहून कसलं, टाळलंच.

उद्घाटनाला हे इस्त्रीचा शर्ट घालून आले, आणि बरोबर वन्सं! ह्यांची थोरली बहीण, गुडघे धरलेले, तरी दोन गाड्या बदलून आलेली. "भावाचा फोटो लागलाय म्हणे. बघायला नको?"

वन्सं चष्मा पुसून भिंतीपुढे उभ्या राहिल्या. पायलट झाले, डॉक्टर झाले, आचारी झाला, न्हावी झाला. "ही तूच ना गं?" मीच होते, वर्गासोबत, सगळ्यांत मोठ्या चौकटीत. "आणि हा कुत्रा कुणाचा?"

"मोठ्या साहेबांचा," मी म्हटलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

हे भिंतीच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा वरच्या रांगेपासून बघायला लागले. खण शेजारच्याच खोलीत, किल्ली माझ्या पर्समध्ये. एक खिळा ठोकायचा अवकाश होता. पण नगराध्यक्ष माझं कौतुक करत होते, आणि मी हसत उभी राहिले.

वन्संचा पारा चढला. "अगं, एक पक्षी इंजिनात शिरला तरी विमान खाली येतं! माझा भाऊ उन्हातान्हात घसा फोडून ओरडायचा, म्हणून ही सगळी घरी परतली. आणि त्याचाच फोटो नाही? कुत्र्याचा बरा लावलास!"

खोलीतली माणसं वळून बघायला लागली.

"ताई, तिला कशाला बोलतेस? मीच नको म्हटलं होतं," हे म्हणाले. "ती सारखी मागे लागली होती. मीच दिला नाही."

"तुझं मेलं नेहमीचंच!" वन्संनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मनाला लावून घेऊ नकोस हो. उगाच तोंड सोडलं मी तुझ्यावर."

मी मान हलवली. तेवढंही घेतलं मी त्यांच्याकडून, निर्लज्जासारखं.

वन्संना बाहेर बाकावर बसवून हे पाणी न्यायला आत आले. मी म्हटलं, "अहो, ऐका तरी..."

"असू दे गं," ते हळूच म्हणाले. "लावणार नाहीस, एवढं आधी सांगायचंस फक्त. ताईला एवढ्या लांबून बोलावलं नसतं मी."