कांचनाचा जामीन

मखमलाबादच्या मळ्यात, मोटेच्या विहिरीशेजारी, मैना जन्मली त्या पावसाळ्यात भागुबाईनं कांचनाचं बी टोचलं होतं. झाड लेकीबरोबर वाढलं. श्रावणात जोडपानांनी हिरवं व्हायचं, उन्हाळ्यात सावली धरायचं. फक्त कळ्यांची भाजी आणि पंचवटीत विकायला जांभळी फुलं, तेवढं यायचं राहिलं होतं. चार वर्षं झाली तरी कळी नाही.

न फुलणाऱ्या झाडाला भीती घालायची असते. गेल्या शिमग्याला सासू, आक्काबाई, कुऱ्हाड घेऊन उभी राहिली.

"फूल दे रे कांचना, नाय तर घालीन घाव,
मुळासकट पुसून टाकीन तुझं नाव."

रीतीप्रमाणं भागुबाईनं तिचा हात धरला. "नका आत्याबाई. पुढल्या साली फुलंल."

"जामीन कोण?"

जामीन म्हणून घरातली वस्तू सांगायची, घागर नाहीतर हंडा; झाड फुललं नाही तर ती गमवायची. मैना कमरेला बिलगली होती. भागुबाई हसत म्हणाली, "ही माझी मैना."

आक्काबाईनं कुऱ्हाड खाली घेतली. "अगं, माणूस ठेवतात का जामीन?"

तेव्हापासून भागुबाई झाडाला जपू लागली. पाटाचं पहिलं पाणी रोज कांचनाला.

नवरा, कोंडाजी, मोट हाकताना म्हणायचा, "लाडानं नासवशील त्याला. मोगऱ्याला ताण देतो ना आपण? पाणी तुटल्याबिगर फुलत नाय."

"वाळलं तर?"

"तर चूल हाय की."

ती हसली नाही.

शिमगा जवळ येत चालला तरी कळी नव्हती, तेव्हा पौषात तिनं चिखलाचा गोळा लावून कांचनाकडचा पाट बुजवला. पानं पिवळी पडली, गळली. माघात झाड नुसतं काटक्यांचं उरलं, आणि त्याच आठवड्यात मैनाला ताप भरला. कपाळ तव्यासारखं.

तिसऱ्या प्रहरी भागुबाई विहिरीवरून घागर भरून धावली. आळ्यात ओतणार, तोच मागून कुणी मनगट धरलं.

"नको," आक्काबाई म्हणाली. "आत्ता पाजलंस तर पान फुटंल, फूल नाय. थांब. फुलंल."

"जामीन कोण?" भागुबाईनं विचारलं.

म्हातारीनं झाडाकडं पाहिलं. "मी. ऐक रे कांचना, पोरीला सोड. माझं नाव धर."

फांद्यांवर एक कळी नव्हती.

घरातून मैनाचा बारीक आवाज आला, "आये, पाणी."

भागुबाईनं घागर कमरेवर घेतली नि घराकडं निघाली. मागून आक्काबाईची पावलं येत नव्हती. झाडानं कुणाचं नाव धरलं, ते वळून पाहायचा धीर तिला झाला नाही.