चन्नव्वाने न घेतलेलं नाव

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर आळंद तालुक्यातल्या आमच्या शाळेतली उर्दू गेली, मराठी आली आणि चौथीचा वर्ग माझ्याकडे आला. मी एकोणीस वर्षांची, गुलबर्ग्याहून आलेली. वर्गात मिसरूड फुटलेली पोरंही होती. हजेरीला मुद्दाम ओरडायची, "हाजिर जनाब!" मग सगळा वर्ग खिदळायचा. मी पट्टी आपटून आपटून थकायची. माझा आवाज बाहेरच्या लिंबापर्यंत जाई, पुढच्या तरटावर बसलेल्यांना मात्र ऐकू येत नसे.

हेडमास्तर अच्युतरावांनी बजावलं, "नलिनीबाई, शनिवारपर्यंत बघतो. जमलं न्हाई तर वर्ग दुसऱ्या मास्तरांकडं, अन् तुम्ही घरी." घरी काकांनी एक बिजवर बघून ठेवला होता. मला परत जायचं नव्हतं.

शनिवारी खुर्चीवर टेकले आणि किंचाळून उठले. कुणीतरी खाजकुयली पसरली होती. वर्ग हसून लोळायला लागला. गोंगाट ऐकून अच्युतराव छडी घेऊनच आले.

"कोण केलं हे?"

मी चन्नव्वाला उभं केलं. दहा-अकरा वर्षांची, वर्गाची मॉनिटर. सगळ्यांच्या आधी येऊन वर्ग तीच झाडायची.

"तू पाहिलंस?"

"व्हय, बाई."

"मग नाव सांग."

ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागली.

"ए पोरी, कामून गप हुभारलीस?" अच्युतराव कडाडले. "नाव सांग, न्हाई तर तुझ्या हातावर बसतील!"

चन्नव्वाने मुकाट्याने हात पुढे केला.

शेजारची निलम्मा न राहवून ओरडली, "गुर्जी, तिला मारू नका! ती कसं घेईल नाव? दादला हाय की त्यो तिचा!"

पुन्हा हशा. चन्नव्वाने परकराच्या ओच्यात तोंड लपवलं. मागे बसलेला हावगेप्पा आपणहून उभा राहिला. तिच्या आत्याचा मुलगा. उन्हाळ्यात दोघांचं लग्न लागलं होतं. अख्ख्या गावाला ठाऊक, नव्या बाईलाच नव्हतं.

अच्युतरावांनी छडी माझ्या हातात दिली. "घ्या. वर्ग तुमचा हाय का न्हाई, आत्ता कळंल."

हावगेप्पाने हात पसरला. मान ताठ ठेवली होती, पण डोळे सारखे चन्नव्वाकडे जात होते. छडी खाली ठेवली तर माझा वर्ग गेला. तिच्यादेखत मारलं तर हा पोरगा पुन्हा शाळेची पायरी चढणार नव्हता.

"चन्नव्वा," मी म्हटलं, "आडावरून घागर भरून आण."

"बाई, टाळायलात का तुम्ही?" अच्युतराव म्हणाले.

"थांबा, गुरुजी."

ती घागर घेऊन वळणाआड गेली. तेव्हाच मी छडी उगारली. दोन मारल्या, हात राखून नव्हे. त्याने हात मागे घेतला नाही. वर्गात कुणी हसलं नाही. अच्युतरावांनी छडी मागून घेतली आणि ते निघून गेले.

चन्नव्वा घागर घेऊन आली. ती कोपऱ्यात उतरवून तिने सगळ्यांकडे पाहिलं. हावगेप्पाने उजवा हात मांडीखाली दाबला होता आणि तो डाव्या हाताने पाटीवर रेघा ओढत होता.

"काय झालं ग, निलम्मा?"

एरवी एका जागी गप्प न बसणारा माझा वर्ग चिडीचूप होता. निलम्माने पाटीवरून मान वर केली नाही.

"कुठं काय? पाढे म्हनायलोत. बस खाली."