धुराडं एकदाच पडतं

वीस.

सुरुंगवाला कर्ण्यातून आकडे उलटे मोजू लागला आणि कॅमेरामनने बटण दाबलं.

मैदानापलीकडे बंद कारखान्याचं विटांचं धुराडं. वीस आकड्यांनी ते आडवं होणार. सिनेमाचा शेवट तोच. दिग्दर्शिका कॅमेरामनची सख्खी लेक, तिचा पहिलाच सिनेमा. आणि धुराडं काही दुसऱ्यांदा पडून दाखवणार नव्हतं.

अठरा.

त्याने कॅमेऱ्याला कान लावला. पस्तीस वर्षांची सवय. फिल्म फिरू लागली की कॅमेऱ्याच्या पोटात घरघर व्हायची, ती ऐकली की याचा जीव भांड्यात पडायचा. हा डिजिटल डबा आज सकाळीच हातात आलेला.

चूप.

सोळा. चालूच झाला नाही की काय! पुन्हा दाबलं.

पंधरा. चूप. ऐकू येत होती ती फक्त स्वतःच्याच छातीची धडधड.

चौदा कुठे गेला, त्याला आजही सांगता येत नाही.

तेरा. वॉकीटॉकीवर लेक. “बाबा, चालू आहे ना?”

“आवाजच करत नाही गं हा! दोनदा दाबलं!”

“दोनदा?”

दहा.

“अहो, पहिल्यांदा चालू झाला होता! दुसऱ्यांदा तुम्ही बंद केलात! लाल दिवा आहे का?”

सात.

“नाही!”

“मग दाबा! आणि तो कान काढा तिथून!”

चार. दाबलं. लाल! इवलासा, डाळिंबाच्या दाण्याएवढा.

तीन. दोन. बोट बटणाजवळ फिरकू नये म्हणून त्याने उजवा हात डाव्या काखेत कोंबला.

एक.

शून्य. धुराडं कमरेत वाकलं, काहीतरी विसरल्यासारखं क्षणभर थांबलं आणि बदकन खाली बसलं.

उणे एक. धूळ.

उणे चाळीस. लेक धावत आली, केसांत विटांची पूड. “दाखवा!”

दाखवा? लगेच? फिल्म धुऊन येईपर्यंत चार दिवस जायचे. ते चार दिवस घरात त्याच्या वाटेला कुणी जायचं नाही. आणि ही म्हणतेय, दाखवा!

तिने बटण दाबलं. पडद्यावर धुराडं उभं. वाकलं. थांबलं. बसलं. सगळं होतं, एकूण एक वीट! आणि त्यावर कुणीतरी घसा फाडून ओरडत होतं: “पडलं! अगं पडलं! काय झकास वाकलं बघ!”

“हा कोण गाढव?”

“तुम्हीच की. हा कॅमेरा ऐकतोसुद्धा, बाबा.”

तो कानापर्यंत लाल झाला. पस्तीस वर्षं शॉट चालू असताना खोकलासुद्धा गिळला होता त्याने. “पुसून टाक ते.”

“मुळीच नाही. सिनेमा या ओरडण्यावरच संपणार.”

“वेड लागलंय का तुला?”

“दिग्दर्शक कोण आहे?”

त्याने मिशीवरची धूळ पुसली आणि पडद्याजवळ सरकला.

“बरं, परत लाव. आणि आवाज जरा वाढव.”